जुना प्लेनर हेडफोन उघडण्याआधी आणि उघडल्यावर

मामा मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक काळा, जड हेडफोन निघाला. यामाहाचा एचपी-१. कानावर बसणाऱ्या पॅडची कातडी सुटलेली, आतला फोम बोटाला जुन्या डिंकासारखा लागत होता. "आवाज पिचका झालाय त्याचा, घे आणि खेळ," एवढं बोलून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी आठवडाभर गाणी बदलली, फोन बदलला, वायर हलवून बघितली. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, गेला, असं ठरवूनही टाकलं.

उत्तर मिळालं ते बेळगावच्या शहापुरातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. आमची घरची पेटी त्यांच्याकडे होती. त्यांनी सगळे स्टॉप बंद केले, भाता भरला, हात सोडला आणि नुसते बघत बसले. भाता हळूहळू बसला. मग त्यांनी कडेकडेनं ओलं बोट फिरवलं आणि गळती शोधली. मी सुरांबद्दल काहीतरी विचारायला लागलो, तर म्हणाले, "थांब की गा. भाता धरत नाही तोवर सुराकडं बघायचंच नाही." घरी आलो, एचपी-१ कानावर चढवला आणि दोन्ही तळव्यांनी कप डोक्यावर घट्ट दाबले. खर्ज एकदम परत आला. हेडफोन धड होता, त्याचा वारा सुटत होता.

एचपी-१ हा प्लेनर, म्हणजे सपाट पातळ फिल्म हलवून आवाज काढणारा हेडफोन. हा लेख पहिल्यांदाच असा हेडफोन उघडणाऱ्यांसाठी आहे. क्रम असा: आधी मीटरनं तपासणी, मग सफाई, मग पॅड, मग डॅम्पिंग (फिल्ममागची हवा थोडी अडवणं), आणि केबल अगदी शेवटी. बहुतेक नवखे नेमके उलट्या टोकानं, म्हणजे महागड्या केबलपासून सुरुवात करतात. तो खर्च वाचला तर त्यात पॅडची चांगली जोडी येते.

आत काय असतं

साध्या हेडफोनमध्ये पातळ पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. चुंबक गुंडाळीला ढकलतं, गुंडाळी पडद्याला ढकलते. म्हणजे जोर एका वर्तुळावर, आणि बाकीच्या पडद्यानं त्याच्यामागून यायचं. प्लेनरमध्ये गुंडाळी नसतेच. अत्यंत पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूच्या चपट्या रेषा काढलेल्या असतात, नागमोडी किंवा चक्राकार. ही फिल्म दोन भोकाभोकांच्या चुंबकांमध्ये ताणून बसवलेली असते. दोन्ही बाजूंचे सारखे ध्रुव समोरासमोर, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र मधल्या फटीत दबून फिल्मला समांतर पसरतं. रेषांतून प्रवाह गेला की फिल्म जवळजवळ सगळीच्या सगळी एकदम पुढे-मागे होते.

आपल्याकडे मांडे करणारी बाई तो भलामोठा पातळ मांडा दोन्ही हातांवर पसरून उचलते. एका बोटानं मधेच उचलायला गेली तर भोकच पडेल. प्लेनरची फिल्म ही अशी हातांवर पसरलेली असते. म्हणूनच ती इतकी पातळ ठेवता येते, आणि म्हणूनच तिला चुकूनही बोट लावायचं नसतं.

एकाच गोष्टीला नावं मात्र अनेक. यामाहानं 'ऑर्थोडायनॅमिक' म्हटलं, इंग्लंडच्या व्हार्फडेलनं 'आयसोडायनॅमिक', फॉस्टेक्सनं 'आरपी', म्हणजे रेग्युलर फेज. आज सगळे प्लेनर मॅग्नेटिक म्हणतात. जाहिरातीत वेगळं नाव दिसलं म्हणून वेगळं तंत्र समजू नका.

घ्यायचा कोणता

एचपी-१ हा १९७६ सालचा. त्याचं रूप इटलीच्या मारिओ बेल्लिनी यांनी आखलेलं आहे, आणि आजही तो टेबलावर पडला असला की येणारा-जाणारा उचलून बघतोच. त्याच घरातले पुढचे वायएच मालिकेतले हेडफोनही चांगले, वायएच-१०० तर विशेष. सोव्हिएत काळातले अम्फिटोन टीडीएस अधूनमधून विकायला दिसतात. आवाज दमदार, पण डोक्यावर शिकंजा लावल्यासारखे बसतात.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर माझा सल्ला सरळ आहे: फॉस्टेक्सचा टी ५० आरपी घ्या. तो तसा जुना नाही, पण वंश सत्तरच्या दशकातल्या फॉस्टेक्सच्या टी मालिकेचाच. स्क्रूनं उघडतो, पॅड मिळतात, चुकलं तर दुसरा मिळू शकतो. मामांचा एचपी-१ दुसरा मिळणार नव्हता, आणि मी नेमका त्याच्यावरच हात साफ करायला बसलो. नशीब म्हणून निभावलं.

जुना माल ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून दोन गोष्टींचा व्हिडिओ मागा: मल्टिमीटरचं रीडिंग, आणि पॅड काढलेला ड्रायव्हर. बाहेरच्या देशातून मागवला तर कस्टम ड्युटी आधीच हिशेबात धरा. पार्सलवर बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी, पिन कोड बरोबर असला की येतं.

उघडण्याआधी मीटर

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. पिनच्या टोकाला डावा, त्याच्या खालच्या कड्याला उजवा आणि सगळ्यात मागच्या कड्याला दोघांचा सामाईक, असं साध्या स्टिरिओ पिनचं असतं. सामाईक आणि डावा मोजा, मग सामाईक आणि उजवा.

प्लेनरची एक मोठी सोय इथे कळते. गुंडाळी नसल्यामुळे त्याचं इंडक्टन्स (गुंडाळीमुळे वरच्या सुरांना वाढत जाणारा विजेचा अडथळा) नगण्य असतं, त्यामुळे मीटरवर दिसणारा आकडा आणि कागदावरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण अडथळा, जवळपास एकच. टी ५० आरपी (तिसऱ्या पिढीपर्यंतचा) ५० ओहमच्या आसपास दाखवेल, एचपी-१ साधारण १५०. दोन्ही कानांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एका बाजूला ५१ आणि दुसऱ्या बाजूला ७० आला तर आधी वायर हलवून बघा. आकडा नाचत असेल तर दोष वायरीत किंवा डाखेत आहे, आणि ते सोपं काम. काहीच न दाखवता मीटर उघडं सर्किट म्हणत असेल तर ड्रायव्हरच्या टोकांवर थेट मोजा. तिथेही उघडं आलं तर फिल्मवरची रेष तुटलेली आहे. तो ड्रायव्हर नवख्यानं दुरुस्त करायच्या फंदात पडू नये.

टेबल कुठलं

हे मी सविस्तर लिहितो, कारण आपलं बेळगाव हे फाउंड्र्यांचं गाव आहे आणि माझ्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक ह्यातच आहे.

माझा धाकटा भाऊ उद्यमबागेत सीएनसी मशिनवर आहे. शेडमध्ये भलंमोठं टेबल, वर पांढरी ट्यूब, हवे ते स्क्रूड्रायव्हर. मी रविवारी टी ५० आरपी घेऊन तिथेच बसलो. टेबल फडक्यानं स्वच्छ पुसून घेतलं. ड्रायव्हर खोलून पालथा ठेवला, चहा घेतला, तासाभरात सगळं परत बसवून घरी आलो. रात्री तानपुरा लावला तर उजव्या कानात खालच्या षड्जावर 'खर्र'. डाव्यात काही नाही.

टॉर्च तिरपा धरून बघितलं. चुंबकाच्या भोकांच्या कडांना काळी, बारीक लव उभी होती, उंदराच्या मिशीसारखी. लोखंडाचा कीस. फडक्यानं टेबल पुसलं होतं, पण ज्या हवेत दिवसभर लेथ चालतो तिथे कीस फक्त टेबलावर नसतो. तो माझ्या शर्टाच्या बाहीवर होता, स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर होता. आणि प्लेनरचा ड्रायव्हर म्हणजे हातभर अंतरावरून बोलावून घेणारं चुंबक.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. ब्लू-टॅकची (भिंतीला कागद चिकटवायच्या मऊ, चिकट लगद्याची) सुईसारखी वळी करायची, भोकाच्या कडेला टेकवायची, उचलायची, तेवढं टोक तोडून टाकायचं, पुन्हा नवी वळी. फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच नाही, फिल्म फाटते. जवळजवळ सगळा निघाला. एक कण भोकातून आत, फिल्मपर्यंत पोचलेला होता. तो आजही तिथेच आहे, आणि ४० हर्ट्झचा सूर मोठा लावला की अजून बोलतो.

तेव्हा वर्कशॉप नको, गॅरेज नको, फ्लॅटच्या ज्या खोलीत ग्रिलचं वेल्डिंग नुकतंच झालंय ती खोलीही नको. देवघरासमोरची फरशी चालेल. खाली ओलं करून पिळलेलं सुती फडकं अंथरा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला आधी सेलोटेप लावून झटकन काढा, काय चिकटतंय ते बघा. ड्रायव्हर बाहेर आला की लगेच दोन्ही बाजूंनी कागद लावून झिपच्या पिशवीत. आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर ड्रायव्हरच्या जवळ नेताना मनगट टेबलाला टेकवून ठेवा. चुंबक त्याला हिसकावून घेतं, आणि टोक सरळ भोकातून फिल्ममध्ये जातं. चिमटा बांबूचा किंवा प्लॅस्टिकचा वापरा.

उघडणं आणि जुना फोम

पॅड ओढून काढायचे. बहुतेकांत पॅडची ओठासारखी किनार खाचेत अडकवलेली असते, चिकटवलेली नसते. खाली स्क्रू दिसतील. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा, विशेषतः वायरींच्या रंगांचा. बऱ्याच मॉडेलांत केबल एकाच कपात येते आणि दुसऱ्या कानाकडे डोक्याच्या पट्ट्यातून केसासारखी वायर जाते. कप उघडताना झटका दिलात तर तीच तुटते.

जुन्या हेडफोनात ड्रायव्हरच्या पुढे किंवा मागे फोमची चकती असते. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की विरघळल्यासारखा होतो. आधी चिकट, मग भुगा. आपल्याकडचे चार महिने पाऊस, खानापूरच्या बाजूला तर भिंतीही घामेजतात, त्यामुळे इथला जुना हेडफोन उघडला की हा भुगा हमखास. तो ओढून काढू नका, भोकांतून आत पडतो. कप उलटा, म्हणजे ड्रायव्हरचं तोंड जमिनीकडे धरून खालून मऊ ब्रशनं झटका. चिकट भाग असेल तर इअरबडला अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेही फक्त बाहेरच्या जाळीला.

ड्रायव्हरची दोन चुंबकं एकमेकांपासून अलग करायची नाहीत. आत काय आहे ते बघायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण चुंबकं परत एकत्र येताना बोट सापडतं, आणि फिल्मचा ताण पहिल्यासारखा बसत नाही.

भाता धरतो का

आता पॅड. प्लेनरचा खर्ज हा कान आणि फिल्म यांच्यामधल्या बंद हवेवर उभा असतो. पॅडनं नीट धरलं तर आवाज खोलवर सरळ खाली जातो, कुठूनही वारा सुटला की सगळ्यात खालचे सूर आधी गळतात.

तपासायची रीत पेटीवाल्या काकांचीच. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, ४० हर्ट्झ हळू आवाजात लावा, हेडफोन नेहमीसारखा घाला. आता तळव्यानं कप हलकेच दाबा. सूर एकदम मोठा झाला तर गळती आहे. मग बोटांनी पॅडच्या कडेनं एकेक जागा दाबत जा: कानामागचा खळगा, जबड्याचा कोपरा, चष्म्याची दांडी. कुठे दाबल्यावर सूर फुगतो ते कळलं की काम अर्धं झालं. माझ्या बाबतीत ती जागा चष्म्याची दांडी होती. आता हेडफोन लावताना मी चष्मा काढूनच ठेवतो, त्यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

नवे पॅड घेताना मऊ, जरा जाड आणि कानाभोवती पूर्ण बसणारे घ्या. मखमली पॅड उन्हाळ्यात सुखाचे, पण कापडातून हवा जाते, त्यामुळे बंद कपाच्या हेडफोनला ते खर्ज खातात. विचित्र मापाचा जुना हेडफोन असेल तर गाडीची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे जा. त्याला जुना पॅड नमुन्याला द्या, कातडं मेंढीचं किंवा निदान मऊ रेक्झिन सांगा. माझे एचपी-१ चे पॅड असेच शिवून घेतले. पहिल्या जोडीला त्यानं शोभेची दुहेरी शिलाई नेमकी कानाच्या बाजूला मारली आणि त्या सुयांच्या भोकांतून वारा सुटायला लागला. दुसऱ्या वेळी शिलाई बाहेरच्या अंगाला घालून दिली.

पॅड बदलले की आवाज किती बदलतो ते दोन-चार दिवस ऐका. बरेच जण इथेच थांबू शकतात, आणि थांबावं.

वारा अडवायचा, बुजवायचा नाही

ताणलेल्या प्रत्येक पडद्याला स्वतःचा एक आवडता सूर असतो. प्लेनरच्या फिल्मचा तो खर्जात असतो, आणि मोकळी सोडली तर ती त्या सुरावर जास्त नाचते. तबल्याच्या नादात डग्गा घुमत राहावा तसं. तिला आवर घालायला ड्रायव्हरच्या मागे हवेला थोडा अडथळा ठेवतात. हेच डॅम्पिंग. कंपनीनं बसवलेला कागद किंवा नमद्याचा तुकडा तिथे असतोच, जुन्यात तो सुटलेला किंवा कुजलेला असतो.

साहित्य मेडिकलच्या दुकानात मिळतं. मायक्रोपोर टेप. कन्नडमध्ये मागा नाहीतर मराठीत, मायक्रोपोरला दोन्हीकडे मायक्रोपोरच म्हणतात. ती का, सेलोटेप का नाही, हे समजून घ्यायला दोन्हींचा एकेक तुकडा ओठांसमोर ताणून धरा आणि फुंका. मायक्रोपोरमधून फुंकर जाते, पण कष्टानं. सेलोटेपमधून जातच नाही. आपल्याला कष्टानं जाणारी हवा पाहिजे. भोकं पूर्ण बंद केली तर फिल्म जणू बंद बाटलीच्या तोंडावर बसल्यासारखी होते आणि खर्ज मरतो.

जाड अडथळ्यासाठी लोकरीचा नमदा. पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे सुरांच्या पट्ट्यांखाली घालायचा असतो, कात्रणं मागितली तर नाही म्हणत नाहीत. कृत्रिम फेल्ट ओळखायचं असेल तर एक धागा जाळून बघा. लोकर केस जळल्याचा वास देते, कृत्रिम धागा वितळून गोळी होतो.

आता करायचं कसं. आधी फक्त डाव्या कानाचं करा. उजवा आहे तसा राहू द्या. ड्रायव्हरच्या मागच्या भोकांवर मायक्रोपोरचा एक थर, सुरकुती न पडता. कप बंद करून मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येईल असं, एखादं गाणं लावा आणि डावा-उजवा आळीपाळीनं ऐका. काल काय ऐकलं होतं ते डोकं धरून ठेवत नाही, पण शेजारचा कान खोटं बोलत नाही.

एका थरानं साधारणपणे मधला घुमार कमी होतो आणि ताशीव खर्ज वर येतो. डग्ग्याची मींड वेगळी ऐकू यायला लागते. दुसरा थर लावल्यावर आवाज नाकात बोलल्यासारखा, पुढे आलेला आणि वरवरचा वाटला तर जास्त झालं, एक थर काढा. अर्धा थर हवा असेल तर टेपच्या पट्टीला कात्रीनं अरुंद करा आणि काही भोकं उघडी ठेवा. मिरजेचे तानपुरेवाले जव्हारी लावताना सूत घोडीवर केसभर पुढे-मागे सरकवतात, तसं हे काम आहे. मिलिमीटरनं फरक पडतो. माझ्या टी ५० आरपीत शेवटी एक पूर्ण थर आणि मधोमध एक रुपयाच्या नाण्याएवढा नमद्याचा तुकडा टिकला. तुमच्यात दुसरं काही टिकेल.

वहीत लिहून ठेवा: तारीख, कुठला कान, किती थर, काय वाटलं. तिसऱ्या दिवसानंतर नुसत्या आठवणीवर काही सांगता येत नाही.

कपाच्या भिंती

फिल्म जितका आवाज कानाकडे टाकते तितकाच मागे टाकते. बंद कपात तो मागच्या प्लॅस्टिकवर आपटून परत येतो, आणि फिल्म पातळ असल्यामुळे तिच्यातून आरपार कानात शिरतो. कप अडीच सेंटिमीटर खोल असेल तर जाऊन-येऊन ५ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची लाट म्हणजे साधारण ६,८०० हर्ट्झ. तिथे आवाजाला धार चढते, 'स' आणि 'श' टोचायला लागतात. ह्याला उपाय मऊ भरणीचा. कपात पिंजलेली लोकर किंवा स्वच्छ कापूस सैलसर ठेवा, दाबून कोंबू नका. गादीवाल्याकडचा सरकी राहिलेला कापूस नको, मेडिकलमधला बंडल घ्या.

दुसरा उपद्रव वेगळा: प्लॅस्टिकची भिंत स्वतःच थरथरते. तिला वजन लागतं. कपाच्या आतल्या बाजूला ब्लू-टॅक किंवा मुलांच्या खेळण्यातली तेलाची क्ले दोन-तीन मिलिमीटर जाडीनं थापतात. बोटाच्या पेरानं कपावर टिचकी मारा. आधी 'टक्', थापल्यावर 'थप्'. तो फरक ऐकू आला की पुरे, त्याहून जास्त थापलं तर फक्त मान दुखते. शाडूची माती मात्र वापरू नका. गणपती झाल्यावर उरलेली घरोघरी पडून असते आणि हात आपोआप तिकडे जातो, पण ती वाळते, भेगाळते आणि तिची धूळ ड्रायव्हरमध्ये जाते. तेलाची क्लेही उन्हाळ्यात तेल सोडते, म्हणून तिच्यावर पातळ कागद लावा.

भरणी आवाजासाठी, क्ले भिंतीसाठी. दोन्ही एकाच दिवशी करू नका, कुणामुळे काय झालं ते कळणार नाही.

केबल आणि फेज

केबल तुटली असेल तर बदला, नसेल तर राहू द्या. डाख द्यायला २५ वॅटचा लहान सोल्डरिंग आयर्न पुरतो. टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, ड्रायव्हरच्या टोकांमागे प्लॅस्टिक असतं. आयर्न तापवण्याआधी ड्रायव्हरची भोकं कागदानं झाका, डाखेचा शिंतोडा आत गेला तर गेलाच.

जोडल्यावर एखाद्या गायकाचं मोनो ध्वनिमुद्रण लावा. आवाज डोक्याच्या मधोमध, कपाळामागे उभा राहिला तर फेज बरोबर, म्हणजे दोन्ही कानांच्या फिल्म एकाच वेळी पुढे येतायत. तो दोन्ही कानांकडे विखुरला आणि खर्ज पळाला तर एका कानाच्या वायरी उलट्या लागल्यात. कुठल्याही एकाच बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

किती ताकद लागते

प्लेनर खादाड असतो ही तक्रार खरी, पण मोजून बघा. टी ५० आरपीच्या तिसऱ्या पिढीची (एमके३) संवेदनशीलता, म्हणजे ठराविक ताकदीला किती मोठा आवाज, ९२ डेसिबल प्रति मिलिवॅट, इम्पीडन्स ५० ओहम. फोनला हेडफोन जोडायचा साधा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. १ चा वर्ग भागिले ५०, म्हणजे २० मिलिवॅट. त्यातून आवाज १३ डेसिबलनं चढतो, म्हणजे शिखर १०५ डेसिबलपर्यंत. रात्री झोपण्याआधी ऐकायला भरपूर. शास्त्रीय ध्वनिमुद्रणात आलाप हळू आणि द्रुत मोठी असते, तिथे मोकळीक हवी म्हणून ११० गाठायचं ठरवलं तर ६३ मिलिवॅट लागतात. त्याला सुमारे १.८ व्होल्ट आणि ३५ मिलिअँपिअर. एवढं देणारा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर पुष्कळ झाला. एचपी-१ सारख्या १५० ओहमवाल्याला प्रवाह कमी आणि व्होल्टेज जास्त लागतं. जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा हेडफोन जॅक त्याला छान चालवतो, त्या काळी तो त्याच जॅकसाठी बनवलेला होता.

प्लेनर मोठ्या आवाजातही फाटत नाही, त्यामुळे आवाज किती वाढवलाय ते लक्षात येत नाही. कान बधिर वाटायच्या आत बंद करा.

कशावर ऐकायचं

मी प्रत्येक बदलानंतर तीनच गोष्टी लावतो. पहिला नुसता तानपुरा, पाच मिनिटं. त्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या लहरी असतात, आणि कुठे एक सूर उगाच पुढे येत असेल तर जव्हारीत तो खुपतो. दुसरं, कुमार गंधर्व. त्यांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, पण तेवढ्यासाठी नाही. त्यांच्या गाण्यात आवाज एकदम तुटतो आणि मधली शांतता उरते. डॅम्पिंग कमी पडलं असेल तर त्या शांततेत मागचा डग्गा रेंगाळतो, नीट बसलं असेल तर तिथे फक्त तानपुरा उरतो. तिसरं म्हणजे २० ते २०० हर्ट्झचा हळू सरकणारा टोन, अगदी लहान आवाजात. खरखर, फडफड, एका कानाचं मागे पडणं, सगळं त्यात उघडं पडतं.

शेजारच्या वहिनींनी एकदा मला डोळे मिटून २० हर्ट्झ ऐकताना बघितलं आणि विचारलं, "काय ऐकूलालास रे एवढं?" मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. "ह्यात काय वाजतच नाही की," म्हणाल्या. तेवढ्या आवाजात त्यांचं बरोबरच होतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हेडफोन उघड्या स्टँडवर ठेवायचा नाही. मी स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवतो, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. दोन पॅड एकमेकांवर दाबले जाणार नाहीत असं मधे गुंडाळलेला टॉवेल घालतो, नाहीतर चार महिन्यांत चपटे होतात. रोज वापरत असाल तर डब्याची गरज नाही, वापरातला हेडफोन डोक्याच्या उबेनंच कोरडा राहतो.

मायक्रोपोरचा डिंक दमट हवेत ढिला होतो. गेल्या ऑगस्टमध्ये एचपी-१ च्या डाव्या कानातला घुमार परत आला. वही बघितली तर एप्रिलपासून मी काहीच बदललं नव्हतं. उघडलं, तर टेपची एक पट्टी खालून सुटून कपात लोंबत होती आणि सहा-सात भोकं उघडी पडली होती. तेव्हापासून पट्टीच्या टोकांना सुईच्या अग्रानं फेव्हिकॉलचा ठिपका देतो, भोकांपासून लांब. दोन्ही हेडफोन आता दसऱ्यानंतर, हवा कोरडी पडली की, वर्षातून एकदा उघडतो.